घोड्याला झेपेल तेवढा चढ

अमेरिकेत वेस्ट विंडसरला मी भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा घरमालक काकांनी मला नोकरी कुठे, स्वयंपाक करतेस का, नॉनव्हेज खातेस का, यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही. खिशातून एक काचेची गोटी काढली, खोलीच्या मधोमध जमिनीवर ठेवली, आणि आम्ही दोघं ती कुठे जाते ते बघत उभे राहिलो. गोटी जरा थांबली, विचार केल्यासारखी, आणि मग हळूहळू खिडकीकडे निघाली.

"बघितलंस? उतार खिडकीकडे आहे. डोकं दाराकडे करून झोप. उलटी झोपलीस तर सकाळी डोकं जड होईल आणि मग माझ्या घराला नावं ठेवत बसशील."

मी म्हटलं, "काका, आधी मला हो तरी म्हणू द्या."

"म्हण की मग! कुणी अडवलंय?"

मी हो म्हटलं. आणि पुढे मी त्या घरात जे काय बघितलं ते आत्ता लिहून टाकते, कारण मध्यंतरी इथल्याच एका वाढदिवसाला कुणीतरी "तो येडा घोडेवाला म्हातारा" असं म्हटलं आणि माझं डोकंच फिरलं. येडा? ज्यांना हसायचंय त्यांनी हसा, पण आधी पूर्ण ऐका.

काका रिटायर्ड इंजिनियर. पंच्याहत्तरी ओलांडलेले, उंच, किडकिडीत, बारा महिने तोच राखाडी स्वेटर. काकू जाऊन काही वर्षं झालेली, मुलगी डॉक्टर, विमानाने जावं लागतं इतक्या लांब, नेपरव्हिलला. एवढ्या मोठ्या घरात एकटे, म्हणून वरची खोली भाड्याने. आणि या माणसाला जगात एकाच गोष्टीचं वेड होतं: घोड्याने ओढायची रेल्वे. म्हणजे रूळ असतात, डबा असतो, लोक तिकीट काढून बसतात, फक्त पुढे इंजिनाऐवजी घोडा. ट्रेनच्या आधी आणि ट्रेन सुरू झाल्यावरसुद्धा बऱ्याच ठिकाणी असायच्या म्हणे. मला आधी वाटलं टांग्याबद्दल बोलतायत. मी तसं म्हटलं आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बास, मी पुन्हा आयुष्यात टांगा हा शब्द काढला नाही.

"इंजिनात जोर असतो," ते म्हणायचे, "म्हणून रस्ता कसाही चालतो. घोड्याचं तसं नाही. घोड्याला विचारून रस्ता करावा लागतो."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय! दूध उतू गेलं तरी हेच, माझ्या मॅनेजरने मला वीकेंडला काम दिलं तरी हेच. "तुझ्या मॅनेजरने घोड्याला विचारलं का?" नाही विचारलं, काका. "मग रस्ता चुकलाय त्याचा." आणि यार, खरंच चुकलेला असायचा!

सकाळी नाश्त्याला भिजवलेले चणे आणि गुळाचा खडा. जेवायला आठवड्यातून तीनदा कुळथाचं पिठलं. इंडियन ग्रोसरीच्या पाकिटावर 'हॉर्स ग्रॅम' लिहिलेलं असतं ना, ते पाकीट ते मुद्दाम लेबल पुढे करून काउंटरवर ठेवायचे. मी एकदा चिडवलं, "काका, घोड्याचं खाणं खाताय." तर म्हणाले, "अपमान वाटला तर तुला वेगळी भाजी करून घे. मला सन्मान वाटतो."

आता हे वेड लागलं कसं, तर तरुणपणी. देशात नोकरीला होते तेव्हा कंपनीने त्यांना ट्रेनिंगला जपानला पाठवलं होतं. एका डोंगराळ भागातल्या कारखान्यात. भाषा येत नाही, खायचे हाल, रविवारी हॉस्टेलच्या खोलीत बसून भिंतीकडे बघायचं. तर तिथल्याच एका जपानी मेकॅनिकला दया आली, तो म्हणाला चल, तुला माझ्या आजोबांचा रस्ता दाखवतो. त्याचे आजोबा घोड्याची रेल्वे हाकायचे! गावापासून वर डोंगरातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांपर्यंत जाणारी. रेल्वे कधीच बंद पडली होती, रूळ उचलून नेले होते, पण खुणा होत्या. दोन रविवार दोघं त्या खुणा बघत चालले. अर्धा रस्ता झाला. एका ओढ्यावरच्या पुलापाशी थांबले, उरलेला पुढच्या रविवारी करू म्हणून. आणि त्याच आठवड्यात कंपनीने सगळ्यांना परत बोलावून घेतलं. मग लग्न, मग अमेरिका, मग मुलगी, मग घर. तो जपानी मित्रही गेला. पण काकांच्या डोक्यात तो रस्ता पुलापाशीच थांबलेला.

"अर्धवट राहिलेलं पुस्तक असतं ना," मी एकदा म्हटलं, एकदम समजूतदारपणे.

"पुस्तक कसलं? पुस्तक उद्या वाचता येतं. मी उद्या चालू शकेन का, हा प्रश्न आहे."

इथल्या मंडळाच्या गणपतीतली गोष्ट तर सांगायलाच हवी. लहान मुलांचा फॅन्सी ड्रेस आणि महाप्रसाद यांच्या मधे कुणीतरी त्यांना 'निवृत्तीनंतरचे छंद' यावर पाच मिनिटं बोलायला दिलं. बिचाऱ्यांना वाटलं गोल्फ, क्रूझ, बागकाम. काका उभे राहिले आणि घोड्याची रेल्वे सुरू! रुळांखाली आडवी लाकडं घातली तर घोड्याचे पाय अडखळतात, मग मधे माती भरून वाट कशी करायची, घोडे कुठे बदलायचे, पाणी कुठे पाजायचं. लोक चुळबुळायला लागले, आतून मसालेभाताचा वास, मुलं रडतायत. सेक्रेटरींनी आधी घड्याळ दाखवलं, मग खाकरले, मग सरळ माइक बंद केला. काकांनी माइककडे बघितलं, तो बाजूला ठेवला आणि आवाज चढवून पुढचं वाक्य सुरू केलं. पूर्ण केलं. शेवटच्या घोड्यापर्यंत! अर्धा हॉल प्रसादाच्या लाइनमध्ये, पण मी आणि दोन आज्या बसून राहिलो. त्यातल्या एक आजी नंतर त्यांना म्हणाल्या, "मला काही कळलं नाही, पण तुम्ही थांबला नाहीत ते बरं केलंत."

मग त्यांना स्टेंट बसला. नेपरव्हिललाच, मुलीच्या हॉस्पिटलात. मुलीला मी ताई म्हणते. परत आले ते महिनाभर गप्प गप्प. मला वाटलं आता वेड गेलं. कसलं जातंय! एक दिवस मी ऑफिसातून आले तर टेबलवर जपानचं तिकीट प्रिंट केलेलं. आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये एक गार्डन कार्ट, ती चार चाकांची, बागेतली माती वाहायची असते ना, ती. तिला जुन्या बॅकपॅकचे पट्टे लावलेले.

"हे काय?"

"ट्रेनिंग. बस."

"कुठे बस?"

"गाडीत. वजन पाहिजे. तांदळाच्या पिशव्या ठेवून बघितल्या, पण त्या वळणावर पडतात. तू धरून बसशील."

आणि मी बसले! का बसले विचारू नका. पट्टे स्वतःच्या खांद्यात अडकवून पंच्याहत्तरीचे काका पुढे, मागे मी मांडी घालून, हातात कडा धरून, आमच्या सबडिव्हिजनच्या, म्हणजे कॉलनीच्या, रस्त्याने. काका हळूहळू, एका लयीत ओढत होते. जोर अजिबात लावत नव्हते. चढ आला की थांबायचे, मान हलवायचे, "हा घोड्याला चालणार नाही" म्हणून कार्ट वळवायचे आणि मोठा वळसा घालून जायचे. मला हळूहळू कळायला लागलं की ते नक्की काय शिकतायत. कुठे रस्ता आपल्याशी भांडतो आणि कुठे भांडत नाही, हे अंगाला कळायला पाहिजे होतं त्यांना.

तेवढ्यात मागे निळे-लाल दिवे. पोलिस! तरुण ऑफिसर, खाली उतरला, आधी काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाला, "मॅम, तुम्ही इथे स्वतःच्या मर्जीने बसलायत ना?"

मी म्हटलं, "येस, ऑफिसर. मी भाडेकरू आहे."

हे मी का म्हटलं, मला आजपर्यंत कळलेलं नाही. काकांनी त्याला अख्खी घोड्याची रेल्वे समजावून सांगितली, इंग्लिशमध्ये, पट्टे खांद्यावर तसेच. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "ओके सर. पण रस्त्यावरून नको. फुटपाथवरून ओढा."

प्रॉब्लेम पोलिस नव्हताच. प्रॉब्लेम समोरच्या घरातल्या बाई, ज्यांनी खिडकीतून व्हिडिओ काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला, वर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. तो फिरत फिरत नेपरव्हिलला पोचला. थँक्सगिव्हिंगला ताई आली ती विमानातून उतरली तेव्हापासूनच तापलेली होती.

जेवताना तिने ताटाकडे बघतच सांगितलं, "बाबा, मी तिकीट कॅन्सल केलंय."

"कुणाचं?"

"तुमचं. आणि दिस इज नॉट अ डिस्कशन."

"बरोबर आहे. डिस्कशनला दोन माणसं लागतात. तू एकटीच बोलतेयस."

"तुमच्या हार्टमध्ये स्टेंट आहे. तुम्ही डोंगर चढायला चाललाय!"

"डोंगर कोण चढतंय? मी रेल्वेच्या रस्त्याने चाललोय."

"ती रेल्वे आता नाहीये, बाबा!"

"रेल्वे नाही, पण चढ तोच आहे ना? चढ कुणी उचलून नेला नाही. हे बघ, घोडा भरलेला डबा ओढत खडा चढ चढू शकत नाही. म्हणून ज्याने ती लाइन टाकली, त्याने प्रत्येक टेकडीला वळसा घातलाय. अख्खा रस्ता घोड्याला दम लागणार नाही असा आहे. तुझ्या हॉस्पिटलच्या दारात व्हीलचेअरसाठी रॅम्प आहे. परवा मला त्याच्यावरून आत नेलंत. तो रॅम्प माझ्या रेल्वेपेक्षा चढा आहे, डॉक्टरीणबाई! आणि त्याच्यावरून तू रोज पेशंट नेतेस."

मी पिठल्यात मान घालून हसू दाबत होते. पण ताई हसली नाही. ती एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाली, "आई गेली तेव्हा मी विमानात होते. खाली उतरून फोन चालू केला आणि मेसेज बघितला. मला परत तसं नकोय, बाबा. घर विका आणि माझ्याकडे या. एवढंच म्हणतेय."

काकांनी ताईच्या ताटात भात वाढला, तिने मागितला नव्हता तरी. आणि म्हणाले, "पैज लाव. मी त्या पुलापासून निघून शेवटच्या स्टेशनापर्यंत चालत नाही पोचलो, तर परत येऊन घर विकतो. तुझ्याकडे येतो, तुझ्या दारातला स्नोसुद्धा काढतो. पोचलो, तर मी इथेच राहणार, एकटा, माझ्या मर्जीने. मग हा विषय तू पुन्हा काढायचा नाहीस."

"आणि मला खरं काय झालं ते कसं कळणार? तुम्ही तर छातीत दुखत असलं तरी 'मजेत' म्हणता."

दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मी फक्त पोळी घ्यायला हात पुढे केला होता! पण माझ्या भावाचं लग्न होतं, मी एप्रिलमध्ये देशात चालले होते आणि मूर्खासारखं मीच मागच्या आठवड्यात बोलून गेले होते की टोकियोमार्गे जाणारं तिकीट बरं पडतंय.

"ही बरोबर जाईल," ताई म्हणाली. "आणि ही मला खरं सांगेल. सांगशील ना?"

मी म्हटलं, "सांगेन."

तर अशी मी जपानला गेले. मी! व्हिसा काढून, लग्नाच्या साड्यांची बॅग टोकियोच्या स्टेशनवर लॉकरमध्ये टाकून.

तो पूल आता पूल नव्हताच. ओढ्याच्या दोन्ही काठांवर चौकोनी दगडांचे दोन जाड खांब, शेवाळाने हिरवेगार, मधे काही नाही. आम्ही शेजारच्या नव्या सिमेंटच्या पुलावरून गेलो. काकांनी पलीकडच्या खांबाच्या दगडावर हात ठेवला, थोपटला, जनावराची पाठ थोपटावी तसा, आणि चालायला लागले.

आणि अहो, रस्ता दिसायला लागला! म्हणजे आधी मला नुसती शेतातली वाट दिसत होती. मग काका म्हणाले, "बघ, बाकीच्या वाटा काटकोनात वळतात. ही बघ कशी वळते." खरंच, ती एकटीच लांबलचक, सावकाश वळत होती, बाजूची घरंसुद्धा तिच्याबरोबर तिरकी उभी. एकदा दिसल्यावर मग मला ती पुढे पुढे आधीच दिसायला लागली, मी पळत जाऊन ओरडत होते, "काका, इथून! इथून गेलीय!" चढ आहे हे कळत नव्हतं, पण मागे वळून बघितलं की गाव खाली गेलेलं.

आणि मग टेकडी आली. समोर सरळ वर जाणाऱ्या पायऱ्या, लाकडी कठडा, बाणाची पाटी. फोनवरचा मॅपही सरळ वर. काका थांबले.

"हा रस्ता नाही."

"काका, बाण आहे. मॅप पण तेच म्हणतोय."

"घोडा पायऱ्या चढतो का?"

"मग कुठून?"

"वळसा असणार. डावीकडून." डावीकडे नुसतं बांबूचं रान.

आणि इथे मला वाटलं की काका दमलेत. पायऱ्या झेपणार नाहीत म्हणून सबब सांगतायत. मला एकदम ताईचा चेहरा आठवला. मी म्हटलं, "काका, नसेल जमत तर तसं सांगा, मी कुणाला हसणार नाही."

"हस हवं तर. मी डावीकडेच जाणार." आणि घुसले!

थोडं आत गेलो तर वाटेच्या कडेला गुडघ्याएवढा दगड. त्याच्यावर कोरलेला देव, आणि देवाच्या डोक्यावर चक्क घोड्याचं तोंड. काका जागच्या जागी थबकले. "अगं, हयग्रीव!" म्हणाले. "जपानात हा घोड्यांचा राखणदार. इथे बसवलाय म्हणजे घोडे इथूनच जायचे. पायऱ्यांवर कशाला बसवतील?" त्यांनी बूट काढले, हात जोडले, खिशातून चणे आणि गुळाचा खडा काढून देवापुढे ठेवला. मीही डोकं टेकलं. एकदम आपल्याकडच्यासारखं वाटलं, खरं सांगते.

तर मागून ओरडा! खालच्या शेतातून एक जपानी आजी, डोक्याला टॉवेल, हातात विळा, तावातावाने वर येतेय. चण्यांकडे बोट, झाडांकडे बोट, पुन्हा चण्यांकडे. मी घाईघाईने फोनवर भाषांतर लावलं. फोन म्हणाला, "माकडे येतात. माकडे माझे सर्व बटाटे खातात. उचला."

आम्ही दोघांनी खाली बसून एकेक चणा वेचला. आणि प्रसाद टाकायचा कसा, म्हणून तिथेच उभं राहून खाऊन टाकला. आजी बघत होती. काकांनी तिच्यापुढे गुळाचा खडा धरला. तिने वास घेतला, तोंडात टाकला, आणि अजिबात न हसता खाली निघून गेली.

पुढे वाट खरंच होती. टेकडीच्या पोटातून खणलेली, सपाट, बांबूंमधून अलगद वर जाणारी. मी काकांची माफी मागितली. ते म्हणाले, "माझी कशाला मागतेस, घोड्याची माग." मग एका वळणावर दरड कोसळून वाटेचा तुकडाच नाहीसा झालेला. खाली ओघळात उतरायचं आणि पलीकडे हाताने धरून धरून वर चढायचं. तिथे मात्र घोड्याला कुणी विचारलं नव्हतं. काका पलीकडे वर आले आणि खाली बसले. चेहरा राखाडी. ओठ कोरडे. बोलता येईना. मी पाणी दिलं, गोळी दिली, म्हटलं, "बास. परत जाऊ. मी ताईला सांगेन की दरड होती, रस्ताच नव्हता. ते खरंच आहे."

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "तू जा."

"काका, प्लीज."

"मी बसलोय. हरलो नाही. बसणं वेगळं." मग पुन्हा नुसतं बसणं. बांबू एकमेकांवर वाजत होते. मी उठवायला हात पुढे केला, त्यांनी तो घेतला नाही. एका बांबूला धरून स्वतः उठले, आणि तीच हळू लय पकडून निघाले. पुढे एकदाही थांबले नाहीत.

शेवटचं स्टेशन म्हणजे काय असेल ते असो, मी मनात कौलारू छप्पर, एखादी कमान वगैरे उभं केलं होतं. होतं काय, तर चोवीस तास उघड्या दुकानाचं पार्किंग. दोन छोट्या गाड्या, एक व्हेंडिंग मशीन. मला रडूच आलं. काका मात्र पार्किंगच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. "लांबट आहे बघ, आणि वळलेलं," ते ओरडले. "असलं पार्किंग कुणी मुद्दाम बांधतं का? हेच स्टेशन!" आणि कडेच्या सिमेंटवर दोन्ही पाय ठेवून उभे राहिले.

मी ताईला व्हिडिओ कॉल लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला आणि त्यांच्याशी नाही, माझ्याशी बोलली. "खरं सांग. दम लागला?"

मी काकांकडे बघितलं. ते म्हणाले, "सांग. बघितलंस ते सगळं सांग."

सांगितलं. दरड, राखाडी चेहरा, गोळी, सगळं.

"म्हणजे थांबले," ताई म्हणाली.

"थांबले. मग उठले. मी हात दिला, तो घेतला नाही."

"आणि पोचले?"

मी फोन फिरवून पार्किंगच्या टोकाला उभे असलेले काका दाखवले, तो राखाडी स्वेटर, गुडघ्यापर्यंत चिखल. "पोचले, ताई."

तिने नाक पुसलं आणि तिच्या डॉक्टरी आवाजात म्हणाली, "ओके, बाबा. तुम्ही जिंकलात. घराचा विषय संपला. आता मात्र ऐका, तिथूनच टॅक्सी करा आणि सरळ हॉटेलवर जा."

"टॅक्सी कशाला?" काका म्हणाले. "परतीला सगळा उतार आहे." आणि तिचं पुढचं वाक्य सुरू व्हायच्या आत चालायला लागले.